विंडोज सोडून लिनक्स: वाचकांच्या अडचणी आणि त्यांची उत्तरे

विंडोज 10 या प्रणालीला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाली, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लिनक्स या पर्यायी, खुल्या प्रणालीविषयीच्या तक्रारी वाढल्या आहेत. ही पत्रे एकत्र वाचली की एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. त्रासाचे मूळ बहुतेक वेळा लॅपटॉपमधील एखाद्या चिपमध्ये, जुन्या फॉन्टमध्ये किंवा रोजच्या कामाच्या एका ठरावीक प्रोग्राममध्ये असते, आणि विंडोज पुसून टाकण्याआधी त्याची चौकशी कोणी केलेली नसते. या अंकात अशाच निवडक पत्रांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: माझा लॅपटॉप 2017 साली घेतलेला असून त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि 8 जीबी रॅम आहे. त्यावर विंडोज 11 चालणार नाही, सबब नवा लॅपटॉप घ्यावा, असे दुकानदाराने सांगितले. त्याऐवजी भाच्याने लिनक्सची मिंट ही आवृत्ती घालून दिली. यंत्र पूर्वीपेक्षा झटपट सुरू होते, परंतु वाय-फायचे चिन्हच कोठे दिसत नाही. भाचा आता बंगळुरूला परत गेला आहे. मी काय करावे? (निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर: दुकानदाराच्या म्हणण्यातला पहिला भाग बरोबर आहे. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि, थोडे अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आवश्यक ठरवला आहे. दुसरा भाग मात्र आपण मनावर घेऊ नये, कारण 8 जीबी रॅम असलेला लॅपटॉप मिंटसाठी पुरेसा आहे आणि मिंटच्या 22 या मालिकेला 2029 पर्यंत अद्यतने मिळणार आहेत.

वाय-फाय न दिसण्याचे कारण बहुधा आतल्या चिपमध्ये आहे. इंटेलच्या चिपसाठी लागणारा ड्रायव्हर (चिपला प्रणालीशी जोडणारा छोटा प्रोग्राम) लिनक्सच्या गाभ्यातच असतो, त्यामुळे त्या लॅपटॉपवर वाय-फाय पहिल्याच दिवशी चालू होते. ब्रॉडकॉमच्या काही चिप आणि रियलटेकच्या काही चिप यांचे तसे नाही. ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर खुला नसल्याने तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवायला इंटरनेट हवे, जे त्या ड्रायव्हरवाचून मिळत नाही. या पेचातून सुटण्यासाठी आपला अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉप फोनला तारेचे जाळे समजतो आणि अर्ध्या मिनिटात इंटरनेट सुरू होते. त्यानंतर मेनूमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून तेथे सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि यंत्र पुन्हा सुरू करा.

येथेच बहुतेकांची गाडी अडते. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (मान्यता असलेलीच प्रणाली आणि ड्रायव्हर सुरू होऊ देणारी सुरक्षा-सोय) चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना प्रणाली आपल्याला एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगते, आणि पुन्हा सुरू होताना निळ्या पार्श्वभूमीवर इंग्रजीत एक सूचना झळकते की एमओकेची, म्हणजे आपण स्वतः मान्यता दिलेल्या किल्लीची, कामे करायची असल्यास कोणतीही कळ दाबा. ही सूचना दहा सेकंदच टिकते. निळा पडदा दिसला म्हणजे काहीतरी बिघडले, असे विंडोजने आपल्याला वर्षानुवर्षे शिकवले असल्यामुळे माणूस हात बांधून बसतो, सूचना निघून जाते, यंत्र नेहमीप्रमाणे सुरू होते आणि वाय-फाय मात्र येत नाही. तेव्हा त्या दहा सेकंदांत कळ दाबावी, ‘एनरोल एमओके’ हा पर्याय घ्यावा, ठरवलेला पासवर्ड द्यावा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. संधी हुकली असल्यास ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला की तीच सूचना परत येते.

ड्रायव्हर मॅनेजरमध्ये काहीच दिसले नाही, तर आतल्या चिपच्या मागे लागण्यापेक्षा यूएसबीचा छोटा वाय-फाय डोंगल घेणे सोपे पडेल. घेताना खोक्यावरील ब्रँडपेक्षा आत कोणती चिप आहे ते विचारावे, कारण एकाच नावाच्या डोंगलमध्ये वेगवेगळ्या खेपेत वेगवेगळ्या चिप असतात. एथेरॉसची एआर 9271 ही चिप जुनी आणि संथ असली, तरी ती लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न मागता चालते.

प्रश्न: आमचे छोटे मुद्रणालय आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल अशी कामे आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो. मुलाच्या आग्रहामुळे एका लॅपटॉपवर लिनक्सची उबुंटू ही आवृत्ती घातली. आता जुन्या मराठी फायली उघडल्या की इंग्रजी अक्षरांची रांग दिसते, आणि युनिकोडमध्ये टंकलेल्या फायलींची पाने सरकतात. चार पानांचा अहवाल साडेचार पानांचा होतो. लिनक्सला मराठी येत नाही का? (मुद्रणालय चालक, कोल्हापूर)

उत्तर: लिनक्सला मराठी उत्तम येते. आपल्या पत्रात दोन स्वतंत्र अडचणी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या करून पाहू.

आपल्या जुन्या फायलींमध्ये, काटेकोर बोलायचे तर, मराठी मजकूर नाहीच. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) रूढ होण्यापूर्वी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ असे दिसण्यासाठी फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे साठवलेली असतात. तो फॉन्ट यंत्रावर असला की डोळ्यांना मराठी दिसते, आणि नसला की तीच पाच अक्षरे उघडी पडतात. विंडोजवरसुद्धा ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तेथे हेच घडते. पूर्वी फाइलबरोबर फॉन्टही पेन ड्राइव्हवर द्यावा लागे, ते आपल्याला आठवत असेलच.

तेव्हा पहिला उपाय सरळ आहे. आपण रीतसर विकत घेतलेल्या फॉन्टच्या परवान्यात मुभा असेल, तर त्याची टीटीएफ फाइल उबुंटूवर दोनदा टिचकी मारून उघडावी आणि ‘इन्स्टॉल’ म्हणावे. पुष्कळशा फायली लिब्रेऑफिस या लिनक्सवरच्या ऑफिस-संचामध्ये पुन्हा वाचता येऊ लागतात. काही फॉन्ट चिन्हांच्या वेगळ्या तक्त्यानुसार बांधलेले असल्याने त्यातली काही जोडाक्षरे तरीही चौकोनात जातात. शिवाय हा उपाय फक्त वाचण्यापुरता आहे. श्रीलिपीसारख्या संचातला टंकनाचा प्रोग्राम आणि त्याचे यूएसबी कुलूप विंडोजसाठी बनलेले आहे, ते उबुंटूवर चालेल अशी आशा धरू नये.

कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. त्यासाठी फॉन्टनिहाय परिवर्तक मिळतात, मात्र परिवर्तित मजकूर न तपासता छापायला पाठवणे धोक्याचे आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षराला वेलांटी असेल तेथे ती हटकून भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचेही तेच होते. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ मधला चंद्रकोरीसारखा र हा तर मराठीचा खास, आणि हिंदीसाठी लिहिलेल्या परिवर्तकांना तो माहीतच नसल्यामुळे ‘तऱ्हा’ आणि ‘दुसऱ्या’ असे शब्द हाताने दुरुस्त करावे लागतात. सगळा जुना साठा एकदम बदलायला घेऊ नका. दरवर्षी पुन्हा लागणारे अहवाल तेवढे बदला, बाकीच्यांचे पीडीएफ करून ठेवा.

आता सरकणाऱ्या पानांविषयी. आपल्या युनिकोड फायली बहुधा मंगल या फॉन्टमध्ये आहेत. मंगल मायक्रोसॉफ्टचा असल्याने तो लिनक्सबरोबर येत नाही, आणि लिब्रेऑफिस त्याच्या जागी लोहित किंवा नोटो यांपैकी जो हाताशी असेल तो वापरते. दोन्हींच्या अक्षरांची रुंदी आणि ओळींमधले अंतर वेगळे असल्याने ओळी पुढे ढकलल्या जातात. दोन्ही यंत्रांवर एकच खुला फॉन्ट ठेवला की ही कटकट संपते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात, आणि पत्रिकांच्या मथळ्यांना बालू शोभूनही दिसतो. गिऱ्हाइकाला तपासायला फाइल पाठवताना पीडीएफच पाठवावी.

लिब्रेऑफिसमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे चांगले टंकलेखकही वैतागतात. मजकूर निवडून फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षरे जशीच्या तशी राहतात. कारण असे की या प्रोग्राममध्ये रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स’ लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळे धरलेले असतात. ‘टूल्स’ मेनूमधील ‘ऑप्शन्स’मध्ये भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ हा पर्याय चालू करून तेथे भाषा मराठी निवडावी. मग फॉन्टच्या खिडकीत दोन स्वतंत्र रकाने दिसू लागतात, आणि मराठीसाठी दुसरा रकाना भरायचा असतो. भाषा मराठी निवडल्याचा वेगळा फायदा म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तेथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे राहत नाहीत. मुद्रकाच्या डोळ्याला हा फरक लगेच दिसतो.

टंकनासाठी आपले कारागीर इन्स्क्रिप्ट वापरत असतील तर त्यांना काहीच नवे शिकायचे नाही. सरकारी मानकानुसार ठरलेली ती कळरचना दोन्हीकडे सारखी आहे: ‘जे’च्या कळीवर र, शिफ्टसह ऱ, आणि ‘एन’च्या कळीवर ल, शिफ्टसह ळ. उच्चारानुसार रोमनमध्ये टंकण्याची सवय असेल, तर आयबस या टंकन-सोयीचा एम 17 एन हा भाग बसवावा. त्यात मराठीसाठी फोनेटिक पद्धती आहेत आणि आपल्याकडे रुळलेली गमभनची पद्धतही आहे.

एवढे सगळे जमवूनही मुद्रणालय पूर्णपणे लिनक्सवर न्यावे, असे मी आपल्याला सुचवणार नाही. कोरलड्रॉ आणि पेजमेकर लिनक्ससाठी निघत नाहीत. इंकस्केप हा रेखाचित्रांचा प्रोग्राम कोरलच्या फायली उघडतो, पण मांडणी हमखास थोडी विस्कटते. स्क्रायबस या पाने जुळवण्याच्या प्रोग्रामच्या 1.6 या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात आणि नवे पुस्तक त्यात पहिल्यापासून मांडता येईल, मात्र गिऱ्हाईक जर कोरलची फाइल घेऊन दारात येत असेल तर त्याला परत पाठवण्यात शहाणपण नाही. एक विंडोज यंत्र कामासाठी राखून ठेवा.

प्रश्न: मी कर सल्लागार आहे. टॅली, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि जुना लेझर प्रिंटर या तीन गोष्टींवर माझे कार्यालय चालते. व्हायरसच्या भीतीने लिनक्स घेतले, पण तिन्ही बंद पडल्या. वाइन वापरून टॅली सुरू होते असे एका मित्राने सांगितले. तसे करावे का? (कर सल्लागार, नाशिक)

उत्तर: करू नये. वाइन हा 1993 पासून चालत आलेला, कौतुक करावा असा प्रकल्प आहे. तो विंडोजच्या प्रोग्रामने केलेल्या मागण्या लिनक्सला समजतील अशा स्वरूपात वळवतो, आणि अनेक प्रोग्राम त्यावर सुरळीत चालतातही. परंतु ज्या प्रोग्राममध्ये दुसऱ्यांचे हिशेब आहेत तो आज चालला आणि पुढच्या अद्यतनानंतर, विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला, उघडेनासा झाला, तर दाद कोणाकडे मागणार? टॅलीचे घर विंडोज हेच आहे, तिला तेथेच राहू द्यावे.

टोकनचे गणित आणखी नाजूक आहे. स्वाक्षरी होण्यासाठी टोकनचा ड्रायव्हर, यंत्रावर पार्श्वभूमीला चालणारा स्वाक्षरीचा छोटा प्रोग्राम आणि ब्राउझर या तीन कड्या एकमेकींना सापडाव्या लागतात. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर त्यांचे उत्पादक देतात, तरी तिन्ही कड्या जुळतीलच याची खात्री नसते, आणि एक निसटली की पडद्यावर ‘प्रमाणपत्र सापडले नाही’ एवढेच येते. लिनक्स ठेवायचेच असेल, तर लॅपटॉपमध्ये 16 जीबी रॅम असल्यास व्हर्च्युअलबॉक्स या, लिनक्सच्या आतच दुसरी प्रणाली चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये परवानाधारक विंडोज बसवून टॅली आणि टोकन दोन्ही त्यात चालवता येतील. त्या वेळी व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी यादीत टोकन दिसत नाही अशी तक्रार नेहमी येते. आपले वापरकर्ता-नाव ‘व्हीबॉक्सयूझर्स’ या गटात घातलेले नसणे हे त्याचे नेहमीचे कारण असते. नाव घालून एकदा लॉगआउट केले की यादी भरते. हे वाचूनच डोके जड झाले असेल, तर विंडोजकडे परत जाण्यात कमीपणा काहीच नाही. व्हायरसची भीती घालवायला अद्ययावत विंडोज, अतिरिक्त हार्ड डिस्कवर नियमित प्रत आणि अनोळखी ईमेलमधील जोडपत्रे न उघडण्याची शिस्त, एवढ्याने पुष्कळ साधते.

प्रिंटरविषयी मात्र माहिती करून घेण्यासारखी आहे. गेल्या काही वर्षांतील बहुतेक नेटवर्क प्रिंटर लिनक्सवर ड्रायव्हरशिवाय छापतात. खोक्यावर एअरप्रिंटचा उल्लेख असला की निश्चिंत राहावे. आपल्याकडच्या कार्यालयांत घर करून बसलेले जुने स्वस्त लेझर प्रिंटर वेगळ्या जातीचे आहेत, कारण पानाची आखणी करण्याचे काम ते स्वतः न करता संगणकावर सोपवतात. एचपीचा लेझरजेट 1020 तर दर वेळी चालू झाला की संगणकाकडून स्वतःचे फर्मवेअर (आत चालणारा प्रोग्राम) मागतो, आणि ते देण्यासाठी एचपीलिप या प्रोग्रामचे प्लगइन इंटरनेटवरून वेगळे उतरवावे लागते. ते बसवल्यावर तो निमूटपणे छापतो. कॅननच्या एलबीपी 2900 ला कॅप्ट नावाचा ड्रायव्हर लागतो आणि तो नव्या लिनक्स आवृत्त्यांवर बसवणे हे चिकाटीचे काम आहे. आपला प्रिंटर कॅननच्या या प्रकारातला असेल, तर तो विंडोजच्याच यंत्राला जोडलेला बरा.

प्रश्न: अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी विंडोज 11 शेजारी उबुंटू घालायचे होते. आधी इन्स्टॉलरला एसएसडीच दिसेना. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) काहीतरी बदलले तर विंडोजचा निळा पडदा आला. ते मार्गी लावले तर विंडोज 48 अंकी क्रमांक मागू लागले. आता दोन्ही चालतात, पण लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही आणि घड्याळ साडेपाच तास चुकते. (विद्यार्थी, पुणे)

उत्तर: आपण उलट्या क्रमाने गेलात, तरी इच्छित स्थळी पोहोचलात. मागून येणाऱ्यांसाठी क्रम नीट सांगतो. बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची 48 अंकी किल्ली सर्वांत आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी, कारण नव्या लॅपटॉपवर डिस्क न सांगताच कुलूपबंद केलेली असते आणि बायोसमध्ये हात घातला की ती किल्ली मागितली जाते. मग बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. एसएसडी दिसत नसेल तर बायोसमध्ये डिस्क हाताळण्याची इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही पद्धत चालू असते, आणि त्याऐवजी एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत निवडायची असते. परंतु थेट बदलल्यास विंडोजला स्वतःची डिस्क ओळखता येत नाही आणि निळा पडदा येतो. विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू होईल असे आधी ठरवावे, मग बायोसमधला बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यावे आणि ती नोंद काढून टाकावी. जागा रिकामी करण्याचे काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटवर सोपवावे.

डी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो, त्याला विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ जबाबदार आहे. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते आणि ड्राइव्ह आपल्या ताब्यात ठेवते. लिनक्स अशा ड्राइव्हवर लिहायला नकार देते, आणि आपल्या फायलींच्या दृष्टीने तो नकार योग्यच आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करावे.

घड्याळाचे साडेपाच तास म्हणजे ग्रीनिच आणि आपली वेळ यांतला फरक. लॅपटॉपच्या बोर्डावरील घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक वेळ ठेवते, आणि दोघे आळीपाळीने एकमेकांचे घड्याळ फिरवत बसतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी हा पर्याय आणि पुढे 1 हा अंक जोडून दिला की लिनक्स माघार घेते. ग्रीष्मकालीन वेळेनुसार घड्याळे पुढेमागे करणाऱ्या देशांत ही तडजोड अडचणीची ठरते, भारतात तो प्रश्न उद्भवत नाही.

विंडोजच्या अद्यतनांकडे मात्र लक्ष ठेवा. ऑगस्ट 2024 मधील एका सुरक्षा-अद्यतनानंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते. उबुंटूचा पेन ड्राइव्ह पुसू नका, कपाटात ठेवा.

प्रश्न: लॅपटॉपचे झाकण मिटून पिशवीत ठेवते आणि दुसऱ्या दिवशी काढते तेव्हा तो गरम असतो व बॅटरी संपलेली असते. विंडोजवर असे होत नसे. (अनुवादक, मडगाव)

उत्तर: नव्या लॅपटॉपमध्ये झोपेचे दोन प्रकार असतात: रॅम सोडून सगळे बंद करणारी जुनी गाढ झोप, आणि फोनसारखी अर्धी जाग ठेवणारी नवी. अनेक उत्पादकांनी गाढ झोप काढूनच टाकली आहे, आणि नव्या प्रकारात एखादे यंत्रांग जागे राहिले की रात्रभर बॅटरी जाते. आपल्या बायोसमध्ये झोपेच्या प्रकाराविषयी ‘एस 3’ किंवा ‘लिनक्स’ असा पर्याय आहे का ते पाहावे, आणि असल्यास तो निवडावा. नसल्यास रात्री लॅपटॉप सरळ बंद करावा. एसएसडीवर तो सुरू व्हायला फार वेळ लागत नाही, आणि बंद पिशवीत तापत राहणे बॅटरीच्या आयुष्यालाही चांगले नाही.

प्रश्न: टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही. कीबोर्ड खराब झाला असे समजून दुरुस्तीला दिला. शिवाय सी ड्राइव्ह कोठे गेला तेही कळत नाही. (ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली)

उत्तर: कीबोर्ड परत आणा, तो चांगला आहे. पासवर्ड किती अक्षरांचा आहे हे मागे उभ्या असलेल्या माणसाला कळू नये म्हणून टर्मिनल तारकासुद्धा दाखवत नाही; आपण न थांबता टाइप करून एंटर दाबावे. लिनक्स मिंटने ही रीत बदलून तारका दाखवायला सुरुवात केली, ते बरेच झाले. सी आणि डी अशी अक्षरे लिनक्समध्ये नसतात. आपले सगळे कागद ‘होम’मध्ये आपल्या नावाच्या फोल्डरात असतात आणि पेन ड्राइव्ह लावला की तो फायलींच्या खिडकीत डाव्या बाजूला येतो. एवढे लक्षात ठेवावे की लिनक्सच्या दृष्टीने रोमनमधील लहान आणि कॅपिटल अक्षरे वेगळी आहेत, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या तर स्पेलिंग निरखून पाहावे.

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेला देणगीत काही जुने लॅपटॉप मिळाले आहेत. काहींत 4 जीबी रॅम आहे, दोन तर 32 बिटचे आहेत. मुलांसाठी लिनक्स घालावे का? नंतर कोणी शिकवायला नसले तर? (शिक्षिका, जव्हार)

उत्तर: जरूर घालावे. वर ज्या अडचणींचा पाढा वाचला त्यांतल्या बहुतेक आपल्याकडे उद्भवतच नाहीत, कारण मुलांना टॅली नको आहे, डिजिटल स्वाक्षरी नको आहे आणि जुन्या फॉन्टमधल्या फायलींचे ओझेही नाही. केरळमधील सरकारी शाळांचे संगणक शिक्षण अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, आणि तेथील काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते. शिकवायला माणूस नसेल तर मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उपयोगी पडेल. त्यात लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांवरचे छोटे चित्रफिती-पाठ मराठी निवेदनासह मोफत मिळतात, ते उतरवून ठेवले की इंटरनेट नसतानाही चालतात. शाळेची माहिती भरण्याची संकेतस्थळे ब्राउझरमध्ये चालणारी असल्याने त्यांसाठी विंडोज लागत नाही.

4 जीबीच्या यंत्रांवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालावी. 32 बिटच्या दोन यंत्रांसाठी पर्याय आता थोडे उरले आहेत. लिनक्सच्याच डेबियन या प्रकाराने 2025 साली आलेल्या 13 या आवृत्तीपासून 32 बिटचा इन्स्टॉलर देणे बंद केले, म्हणून तेथे डेबियन 12 वापरावे लागेल, ज्याला सुरक्षा-अद्यतने जून 2028 पर्यंत मिळतील. जड संकेतस्थळे त्यांवर उघडणार नाहीत, मराठी टंकनाच्या सरावाला मात्र ती चालतील. सगळ्या यंत्रांवर कळरचना इन्स्क्रिप्टच ठेवा. आणि लिनक्स घालण्याआधी प्रत्येक लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून तसाच सुरू करून शाळेच्या प्रोजेक्टरला जोडून पाहा. चित्र, आवाज आणि वाय-फाय या तिन्ही गोष्टी तेथे चालल्या, तरच ‘इन्स्टॉल’वर टिचकी मारा.